चार टेबलं आणि माझी दाढ

नणंदेचं तोंड बंद करण्यासाठी जगातल्या भावजयांनी आजवर काय काय केलं असेल, देव जाणे. आमच्या वहिनीने मात्र माझं तोंड उघडं ठेवून ते साधलं. एका परीक्षेच्या सकाळी मी आ वासून खुर्चीत पडले होते, तोंडावर रबराचा पडदा ताणलेला, एक गाल बधिर, आणि मला एक अक्षर बोलता येत नव्हतं. ती हकिगत सांगायचीच आहे. पण आधी वहिनी कोण ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी नणंदपणा करून तिची उणीदुणी काढायला बसले आहे. तसं करायला मला आवडतं, पण आज तो बेत नाही.

वहिनी दंतवैद्यकाच्या कॉलेजात शिकवते. दात कोरून पोट भरत नाही असं म्हणतात. आमच्या दादाच्या घरात मात्र दोन मुलं त्यावरच वाढली, कारण दादाची नोकरी अधूनमधून सुटायची आणि वहिनीची कधीच नाही. त्यांच्या खालच्या मजल्यावर मी राहते. माझं स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल आहे, म्हणजे एक गाडी, एक मी आणि माझ्या पायाशी बसवून घेतलेला एक जादा ब्रेक. त्यामुळे शिकवणं या विषयावर आम्हा दोघींची ठाम मतं आहेत आणि ती कधीच जुळत नाहीत. माझं म्हणणं, रस्ता एक, नियम एक, तर शिकवायची रीतही एकच. गाडी चालवताना बोलायचं नाही, मी सांगेन ते करायचं, आणि नाही केलं तर मी ओरडणार. वहिनी म्हणते, "वन्सं, तुझ्याकडे दोन ब्रेक आहेत म्हणून तुला हे परवडतं." ती मला वन्सं म्हणते ते मान द्यायला नव्हे, डिवचायला.

तिची उंची बेताची, आवाज मात्र बेताचा नाही. नखं कायम कापलेली, चष्मा गळ्यात लोंबत असलेला आणि तोच शोधत ती घरभर फिरणार. तिच्या घरात कुठेही हात घाला, दात निघतो. मेणाचे, साबणाचे, प्लास्टरचे. एकदा मी साखरेचा डबा समजून उघडला त्यात सुळेच सुळे होते. भाजी चिरता चिरता ती मुळ्याच्या तुकड्याची उपदाढ करते आणि दादा ती न बघता खाऊन टाकतो. त्यावरून त्यांच्यात भांडण होतं, कारण ती तिला दुसऱ्या दिवशी वर्गात न्यायची असते.

मी तिचा वर्ग पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती नव्याने लागली होती. तिच्या विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे हेडसर म्हणतात, शिकवत होते. लांबलचक खोली, ओळीने बाकं आणि प्रत्येक बाकावर लोखंडी दांड्यावर बसवलेलं एक रबरी डोकं, त्याच्या तोंडात प्लास्टिकचे दात. हेडसर मधल्या डोक्यापाशी बसून दाढेत खड्डा कोरून दाखवत होते आणि भोवती सगळा वर्ग दाटीवाटीने उभा. पुढच्यांना दात दिसत होता, त्यांच्या मागच्यांना हेडसरांचं टक्कल आणि त्यांच्याही मागच्यांना पुढच्यांच्या पाठी. दाखवून झालं की ते म्हणत, "समजलं ना? आता करा." समजलं नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. माणूस वाईट नाही बरं का. त्यांना असंच शिकवलं गेलं होतं, ते शिकले होते, आणि ज्याला येत नाही त्याच्या हातातच ते नाही, असं ते अगदी प्रामाणिकपणे मानत.

वहिनी हे मानत नाही. तिचं म्हणणं असं, की शिकणाऱ्यात दोष शोधायचाच असेल तर तो सगळ्यात शेवटी शोधावा. आधी आपलं काय चुकलं ते बघावं. हे ऐकायला गोड आहे. माझ्या गाडीचा मागचा दिवा एका शिकाऊ बाईने फोडला तेव्हा मी हे तत्त्व वापरून पाहिलं, पण मला माझं काही चुकलेलं सापडलं नाही.

ती मात्र तत्त्वाला जागली. कुणाला दातांचे आकार लक्षात राहत नव्हते, तिने कापडी पिशवीत दात भरले आणि न बघता, बोटांनी चाचपून ओळखायला लावले. कुणाला दाढेच्या माथ्यावरच्या खाचा समजत नव्हत्या, तर कॉलेजच्या मागे गाड्या लावतात तिथे तिने खडूने खोलीएवढी दाढ काढली आणि पोरांना त्या खाचांमधून चालायला लावलं. "आता डावीकडे वळ, पुढे खड्डा येईल, तिथे थांब." मी तिला घ्यायला गेले होते. डॉक्टर व्हायला निघालेली घोड्याएवढी पोरं जमिनीवरच्या दाढेतून रांगेने फिरत होती आणि वॉचमन डोक्याला हात लावून बघत होता. पण त्या पोरांना खाचा कधी चुकल्या नाहीत, हेही खरं.

मग ती कुठल्याशा शिबिराला गेली आणि तिथून चार टेबलं घेऊन आली. म्हणजे टेबलं कॉलेजातलीच, कल्पना शिबिरातली. काही जण बघून शिकतात, काही ऐकून, काही वाचून-लिहून आणि काही हाताने करून. तेव्हा प्रत्येकाला आधी प्रश्न विचारायचे आणि उत्तरावरून त्याचं टेबल ठरवायचं. नवा पत्ता शोधताना तू नकाशा बघतोस, कुणाला विचारतोस, खुणा लिहून घेतोस की सरळ चालायला लागतोस, असले प्रश्न. तिने ते माझ्यावरही करून पाहिले. माझी उत्तरं वाचून म्हणाली, "वन्सं, तू कुठल्याच टेबलावर बसत नाहीस. तुझ्यासाठी तोंडाचं टेबल काढावं लागेल." दादा इतका हसला की त्याला ठसका लागला.

डोळ्यांचं टेबल, कानांचं, वहीचं आणि हातांचं. डोळ्यांच्या टेबलावर पडद्यावर मोठं करून दाखवलेलं काम, कानांच्या टेबलावर वहिनी स्वतः सांगणार, वहीच्या टेबलावर पायऱ्या लिहून काढायच्या आणि हातांच्या टेबलावर थेट मेण आणि सुरी. पहिल्या सहामाहीत वर्ग असा काही बहरला की बाकीचे विभाग डोकावून जायला लागले. वहिनी तर हवेतच होती. घरी येताना जिन्यात गुणगुणायची. हेडसर म्हणाले, "बघू या किती दिवस टिकतंय." तेवढ्याने ती आणखीच खूश झाली.

दुसऱ्या सहामाहीत माशी शिंकली. टेबलं पोरांच्या सोयीची होऊन बसली. कुणाला वाचून ये म्हटलं की तो म्हणायचा, मॅडम, मी कानांच्या टेबलावरचा. कुणाला ऐक म्हटलं की ती म्हणायची, मला दाखवा, माझे डोळे आहेत. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण आखून द्यायला वहिनीच. तिला हे दिसत होतं, पण लेकरू वाकडं चाललं म्हणून कुणी टाकून देत नाही. ती म्हणायची, "बसेल घडी." घडी काही बसत नव्हती.

आणि डोळ्यांच्या टेबलावर घुम्या होता. हे नाव पोरांनी ठेवलेलं आणि त्याला ते शोभायचं. उंच, खांदे पडलेले, बोलायला पैसे पडतात असा चेहरा. टेबलावरचं काम तो पापणी न लववता बघायचा, दुसऱ्यांना वाटायचं याला सगळं आलं. मग रबरी डोक्यापाशी बसायचा आणि दाढेत खड्डा करायच्या ऐवजी विहीर खणायचा. शेवटच्या वर्षाच्या प्रत्यक्ष परीक्षेत तो आधीच नापास झालेला होता. त्या परीक्षेचा रिवाज असा, की पेशंट विद्यार्थ्याने आपला आपण आणायचा. त्याने आणलेला माणूस अर्ध्यातूनच उठून गेला. का, तर हा तोंडातून शब्द न काढता, फाशी द्यायला आल्यासारखा चेहरा करून, ड्रिल घेऊन वाकला. पळाला बिचारा. मीही पळाले असते.

आता नियमाप्रमाणे त्याची एकच संधी उरली होती. यात नापास झाला तर कॉलेज सोडायचं, इतक्या वर्षांच्या शिक्षणावर पाणी. हेडसर वहिनीला स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "याच्या हातात नाही ते. तुमच्या टेबलांनी पण आलं नाही, बघितलंत ना?" वहिनी शांत बसली असती तर ती वहिनी कसली. म्हणाली, "तो पास झाला नाही तर टेबलं अडगळीत टाकीन आणि तुम्ही म्हणाल तसं शिकवीन. सगळ्यांना एकच, उभं राहून." हेडसर म्हणाले, "ठरलं." संध्याकाळी तिने हे मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस. ती म्हणाली, "घेतलं तर घेतलं. तुझी ती उजवीकडची खालची दाढ अजून ठणकते का?"

ताकाला जाऊन भांडं लपवायची तिला सवय नाही. घुम्याला पेशंट मिळत नव्हता, त्याची ख्याती पसरली होती. आणि माझ्या दाढेत कीड होती, हे सगळ्या घराला ठाऊक होतं, कारण मी ते रोज सांगत होते. मला दातांच्या खुर्चीची भीती वाटते. ट्रक समोरून आला तरी मी घाबरत नाही, पण त्या खुर्चीत माझ्या बाजूला ब्रेक नसतो. वहिनीने माझ्यापुढे दातांच्या कण्या केल्या. शेवटी म्हणाली, "तू नाही म्हणालीस तर त्या पोराला दुसरं कुणी नाही." मी हो म्हटलं आणि त्या रात्री माझी झोप उडाली.

आधी तपासणी होती. घुम्या आला, मान हलवली आणि आरसा माझ्या तोंडात घातला. मुठीएवढ्या जागेत त्याचा हात असा थरथरत होता की आरसा माझ्या दातांवर वाजायला लागला. तो काही बोलेना. मला वरचा दिवा आणि त्याच्या नाकपुड्या एवढंच दिसत होतं. शेवटी मी त्याचं मनगट धरून बाजूला केलं आणि म्हटलं, "अरे बाबा, माझ्या तोंडात काय चाललंय ते मला सांगशील का? माझं तोंड आहे ते."

तो गोंधळला. वहिनीकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मावशी, मी आरशाने तुमचा गाल बाजूला करतोय. आता मागची दाढ दिसतेय. तिच्या माथ्यावर काळं आहे. मी या टोकदार हत्याराने ते चाचपून बघणार आहे. दुखणार नाही, फक्त टक टक लागेल." आणि खरंच टक टक लागलं, हलकं आणि बरोबर जागी. आरसा वाजायचा थांबला होता. मला एवढंच कळलं की भीती थोडी कमी झाली. वहिनीला त्याहून जास्त कळलं.

ती मागे उभी होती. म्हणाली, "थांब. पुन्हा कर, या वेळी न बोलता." आरसा वाजायला लागला. "आता बोलत कर." आरसा थांबला. "न बोलता." वाजला. असं तिने किती वेळा करायला लावलं कुणास ठाऊक, माझ्या तोंडाची प्रयोगशाळा झाली. मी हातवारे करून निषेध नोंदवला, पण दोघांचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.

संध्याकाळी मी वर गेले तर स्वयंपाकघरात दिवा न लावता ती बसली होती. चहाचं आधण उकळून आटलेलं. मी गॅस बंद केला. ती म्हणाली, "मी चुकले गं."

"कशात?"

"मी त्याला विचारलं तू कसा शिकतोस. तो म्हणाला बघून. मी खरं धरलं आणि त्याला डोळ्यांच्या टेबलावर बसवलं. आज विचारलं त्याला की बघून शिकतोस हे तुला कसं कळलं? म्हणाला, लहानपणापासून सगळे हेच सांगत आले, तू गप्प बस आणि नुसतं बघ. त्याने तेच लिहिलं. त्याला दुसरं काही माहीतच नव्हतं." ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आपण कसे शिकतो ते पोरांना आधीच कळत असतं तर माझी गरज काय होती? ते शोधून काढायचं काम माझं. मी ते एका कागदावर ढकललं."

मला तिची दया आली आणि तिचा अभिमानही वाटला. मी दोन्ही बोलून दाखवलं नाही, नवा चहा टाकला. आमच्यात असंच चालतं.

दुसऱ्या दिवशी तिने टेबलांवरच्या पाट्या काढून टाकल्या. टेबलं तिथेच ठेवली, पण कुणीही कुठेही बसायचं, आणि दर आठवड्याला जागा बदलायची. हेडसर पाट्या नाहीत हे बघून म्हणाले, "हरलात म्हणजे?" ती म्हणाली, "परीक्षा व्हायची आहे अजून." चूक कबूल करताना इतक्या तोऱ्यात बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

घुम्याचा सराव सुरू झाला. तो बोलत काम करायचा, पण रबरी डोक्याशी बोलणं त्याला जमेना. डोकं हुंकार देत नाही. शेजारी कुणीतरी जिवंत ऐकणारं लागायचं, आणि घरात रिकामा कोण तर दादा. वहिनी त्याला रोज दुपारी कॉलेजात घेऊन जायला लागली. दादा बाकाशेजारी स्टुलावर बसून "बरं", "मग?", "आणि तिथून आणखी खाली गेलास तर?" असं विचारायचा. घुम्या सांगायचा आणि हात त्या सांगण्याच्या मागोमाग जायचा. विहिरी बंद झाल्या. खड्डा कुठे संपवायचा ते तो आधी तोंडाने म्हणायचा आणि मग तिथेच हात उचलायचा. दादाला मात्र इतकं ज्ञान झालं की जेवताना तो आम्हाला दाढेची नस कुठे असते ते चमच्याने दाखवायचा, आणि आम्हा कुणालाच घास गिळवत नसे.

परीक्षेच्या दिवशी मला खुर्चीत निजवलं. त्या खोलीत बऱ्याच खुर्च्या, प्रत्येकीत एक पेशंट, प्रत्येकाजवळ एक परीक्षार्थी, सगळीकडे ड्रिलचा आवाज आणि माणसाचा एकाचाही नाही. दुसऱ्या कॉलेजातून एक परीक्षक आले होते. पांढऱ्या भुवया, दोन्ही हात कोटाच्या खिशात. त्यांच्याबरोबर हेडसर. वहिनीची ड्यूटी भिंतीकडच्या हत्यारांच्या कपाटापाशी होती. परीक्षार्थ्यांशी तिने बोलायचं नाही, असा नियम. काम असं, की कीड काढायची, खड्ड्याला आकार द्यायचा आणि वेळेत फिलिंग पूर्ण करायचं. अपुऱ्या कामाला गुण नाहीत.

घुम्याने सुई दिली, गाल बधिर झाला, दाढ तेवढी बाहेर राहील असा रबराचा पडदा तोंडावर ताणला. मग तो हळू आवाजात सुरू झाला. "मावशी, आता आवाज येईल. मी वरचं काळं काढतोय." एवढ्यात पांढऱ्या भुवया माझ्यावर आल्या. "इथे बोलायचं नाही. परीक्षा चालू आहे."

ड्रिल थांबलं. मला त्याचा हात दिसत होता. तो थरथरायला लागला होता. कपाटापाशी वहिनीने हातातला ट्रे खाली ठेवला, त्याचा आवाज झाला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

मग घुम्याच बोलला. म्हणाला, "सर, मी कुणाला उत्तर विचारत नाहीये. पेशंटला सांगतोय. दात त्यांचा आहे." आणि मला विचारलं, "मावशी, सांगत राहू का?"

मी मान हलवली. इतक्या जोरात हलवली की रबराचा पडदा सुटायला आला. "पेशंटला हवं असेल तर माझी हरकत नाही," परीक्षक म्हणाले आणि गेले नाहीत. तिथेच उभे राहिले.

घुम्या सांगत गेला. वरचं निघालं. खाली पिवळं लागलं. बाजू स्वच्छ झाल्या. मी डोळे मिटून ऐकत होते आणि माझ्या दाढेच्या आतून कुणीतरी वाट दाखवत चाललंय असं वाटत होतं. बरंच झालं होतं. मग त्याचा आवाज मंदावला. "मावशी, इथे तळाला अजून मऊ आहे. एक्स-रेच्या फोटोत दिसलं होतं त्याहून खोल गेलंय. सगळं मऊ काढलं तर त्याच्या खाली लगेच नस आहे." तो थांबला. ड्रिलही थांबलं. "काढलं तर नस उघडी पडेल. मी अजून खाली जाणार नाही. इथे औषध भरतो आणि तात्पुरतं बंद करतो. काही आठवड्यांनी पुन्हा उघडून बघायचं. दाढ जिवंत राहील. पण फिलिंग आज पूर्ण होणार नाही."

मी डोळे उघडले. दाढ मला नको होती, मला तो पास व्हायला हवा होता, हे मी अगदी खरं सांगते. मी भुवया उडवून त्याला म्हणत होते, भर की बाबा, काय व्हायचं ते होऊ दे. त्याने माझ्याकडे बघितलं, त्याला ते कळलंही असावं. आणि त्याने औषधाची वाटी ओढली.

हेडसर पुढे झाले. "फिलिंग पूर्ण करायचं असतं, ठाऊक आहे ना?"

"हो सर. या दाढेत आज नाही करता येणार."

परीक्षकांनी हातमोजे चढवले, त्याच्या जागी बसले आणि स्वतः चाचपून बघितलं. बराच वेळ बघितलं. फोटो दिव्यासमोर धरला. मग विचारलं, "इथे थांबायचं तुला कुणी शिकवलं?"

घुम्याने कपाटाकडे बोट केलं. "मॅडमनी."

सगळे वहिनीकडे बघायला लागले. हेडसरही. तिला फक्त मान डोलवायची होती. पैज तिथल्या तिथे जिंकली असती. ती दोन पावलं पुढे आली आणि म्हणाली, "नाही सर. वर्गात सगळ्यांनाच शिकवतो हे, पुस्तकात आहे. पण आज सकाळी मी त्याला सांगितलं होतं, काहीही झालं तरी फिलिंग पूर्ण करूनच उठ. त्याने तसं केलं असतं तर आज दाढ गेली होती. हे त्याचं त्याने ठरवलंय. गुण द्यायचे तर त्याला द्या."

परीक्षक घुम्याकडे वळले. "पुढे काय करणार आहेस, सांग. बोल, बोलतच होतास ना इतका वेळ." घुम्याने सांगितलं. औषध कोणतं, किती दिवस, पुन्हा उघडल्यावर काय बघायचं, आणि दुखलंच तर पेशंटने कधी यायचं. पुस्तकातली वाक्यं नव्हती ती, मला सांगायचा तशीच होती. परीक्षकांनी हेडसरांना बाजूला घेतलं. हेडसर आधी नाही नाही अशी मान हलवत होते, मग ऐकत होते. शेवटी त्यांनी येऊन घुम्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तात्पुरतं नीट बंद कर. कडा उघड्या ठेवू नकोस." तो पास झाला होता.

बाहेर पोरांनी घुम्याला उचललं. हेडसर वहिनीला म्हणाले, "टेबलं राहू द्या तुमची." ती म्हणाली, "टेबलं काय, ती नुसती लाकडं आहेत सर. उद्यापासून क्लिनिकमध्ये सगळ्यांनी पेशंटला सांगत काम करायचं, एवढं करू या." आणि ताठ मानेने कॉरिडॉर ओलांडून गेली. मी माझा बधिर गाल धरून तिच्या मागे.

जिन्यात कुणी नव्हतं. दोन पायऱ्या उतरून ती मटकन बसली.

"काय झालं?" मी म्हटलं. गाल बधिर होता, शब्द बोबडे आले.

"पैजेपायी सांगितलं मी त्याला," ती म्हणाली. "पूर्ण करूनच उठ म्हणून. आत काय निघेल ते ठाऊक नसताना. तुझी दाढ होती गं ती." आणि ती रडायला लागली, पदर तोंडाला लावून नाही, नुसत्या डोळ्यांनी नाही, सगळ्या अंगाने. मी तिच्या लग्नापासून तिला ओळखते, तिला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी तिच्या शेजारी बसले. तिचा हात हातात घेतला आणि जमेल तसं म्हटलं, "तुझं ऐकलं नाही त्याने."

"नाही ऐकलं," वहिनी म्हणाली. तिने नाक पुसलं, रडता रडताच हसली आणि पुन्हा म्हणाली, "माझा विद्यार्थी आहे तो, आणि त्याने माझं ऐकलं नाही."